विश्लेषण : वॉशिंग्टन यांच्या गुलामांची यादी आहे; पेशवाईतल्या कुणबिणींची कुठे आहे?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला यंदा ४ जुलैला २५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने एक जुना वाद पुन्हा मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. सगळी माणसे समान असल्याचे जगाला सांगणाऱ्या नेत्यांच्याच घरी गुलाम राबत होते, मग त्यांना थोर म्हणायचे कसे? हा वाद आता वॉशिंग्टनपुरता राहिलेला नाही. मराठी निवेदन चढवलेले त्याचे रील्स आजरा तालुक्यातल्या रेंज मिळेल त्या वाडीवस्तीपर्यंत पोहोचतात. त्याखाली ‘गोऱ्यांचे ढोंग’, ‘आपल्याकडे असले काही नव्हते’ अशा प्रतिक्रियाही पडतात.

यातली पहिली प्रतिक्रिया बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी मात्र खोटी आहे आणि ती खोटी असल्याचे पुरावे मोडी लिपीत, आपल्याच दप्तरांत आहेत.

वॉशिंग्टन यांच्याकडे किती गुलाम होते?

जॉर्ज वॉशिंग्टन ११ वर्षांचे असताना वडील वारले आणि वारशात त्यांना १० गुलाम मिळाले. १७९९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. बाकीचे बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेले, काही भाड्याने घेतलेले.

हे आकडे इतके नेमके कसे? कारण त्याच वर्षी वॉशिंग्टन यांनी स्वतः यादी केली होती. नाव, काम, कोणाची कोण. आजच्या भाषेत सांगायचे तर ती एक एक्सेल शीटच. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्या गुलामांना मार्था यांच्या पश्चात मुक्त करण्याची तरतूद केली. मार्था यांनी न थांबता १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मोकळे केले. इस्टेटीचे गुलाम मात्र मुक्त झाले नाहीत. ते वारसांत वाटले गेले. एकाच मळ्यावर नवरा-बायकोंची ताटातूट झाली, कारण एकाचे नाव एका रकान्यात होते आणि दुसऱ्याचे दुसऱ्या.

ओना जज कोण होती?

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियाला होती. तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा केला होता. बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला, तर त्याला मुक्तता मागता येत असे. यावर राष्ट्राध्यक्षांच्या घराने काढलेली पळवाट कागदोपत्री नोंदलेली आहे. सहा महिने भरत आले की गुलामांना राज्याच्या हद्दीबाहेर फिरवून आणायचे. मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू.

त्या घरात ओना जज ही मार्था यांची खास दासी होती. मार्था यांच्या नातीचे लग्न झाले आणि ओनाला त्या नातीकडे देऊन टाकायचे ठरले. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : आंदण. ओनाच्या कानावर हे आले. २१ मे १७९६ रोजी घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली.

वॉशिंग्टन यांनी तिला परत आणण्यासाठी थेट अर्थमंत्र्यांना कामाला लावले. पत्रात त्यांची तक्रार अशी होती की, या मुलीला आम्ही नोकरासारखे नव्हे, लेकरासारखे वागवले. मुक्त करण्याचे वचन दिले तर परत येईन, असा निरोप तिने धाडला. तो त्यांनी धुडकावला. ओना पुन्हा कधी हाती लागली नाही. तिने एका खलाशाशी लग्न केले, तीन मुले झाली, हयातभर गरिबीत काढली. १८४० च्या दशकात गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांनी तिच्या मुलाखती घेतल्या. मालकाघरी इतके कष्ट नव्हते, पळून आल्याचा पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर ती नाही म्हणाली; आपण मोकळ्या आहोत, एवढेच तिचे कारण होते. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती. फरारी गुलामांना पकडून देण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सही होती ती वॉशिंग्टन यांचीच.

थॉमस जेफरसन यांचे प्रकरण तर अधिकच अवघड. समानतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे मालकीत ठेवली आणि त्यातली अगदी मोजकी मुक्त केली. उलट बेंजामिन फ्रँकलिन यांच्याही घरी गुलाम होते, पण म्हातारपणी ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये त्यांच्या सहीने अमेरिकी काँग्रेसकडे गुलामगिरी संपवण्याचा अर्ज गेला. त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ ही सबब फारशी टिकत नाही. त्याच काळात, त्याच शहरात वेगळा विचार करणारी माणसे होती.

मग आपल्याकडे काय होते?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला. त्यात ‘कुणबीण’ या शब्दाचा एक अर्थ ‘गुलाम स्त्री’ असा आहे. ‘बटीक’ हा शब्दही त्याच अर्थाचा. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कुणबी समाजातली स्त्री हा या शब्दाचा दुसरा, स्वतंत्र अर्थ. दप्तरात गुलाम म्हणून नोंदलेल्या ‘कुणबिणी’ वेगवेगळ्या जातींच्या होत्या. त्या शब्दावरून आजच्या कोणत्याही समाजाबद्दल निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

या स्त्रिया कुठून येत? मोहिमांत पकडून आणलेल्या असत. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली असत. लमाणांच्या तांड्यांबरोबर विकायला आलेल्याही असत. आणि चौथी वाट सरकारी होती : बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीला शिक्षा म्हणून सरकारजमा केले जाई. पुरुषाला दंड भरून सुटता येई, बाईची रवानगी किल्ल्यावर होई. या विषयावर सुमित गुहा आणि उमा चक्रवर्ती यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. त्याआधी जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनीही पेशवेकालीन कागदपत्रांतून हे चित्र मांडले होते. (जपानी माणसाने मराठी कागद वाचून आपल्याला सांगावे, यात काय ते आले.)

त्यांची कामे काय होती? किल्ल्यावरच्या कोठीत धान्य निवडणे, दळणे. थट्टीत म्हणजे सरकारी गोठ्यात शेण काढणे. दारूखान्यात बंदुकीची दारू तयार करण्याच्या कामावर राबणे. वाड्यात खासगीकडे पडेल ते करणे. सरकार या स्त्रिया सरदारांना, आश्रितांना बक्षीस म्हणून देई. खरेदी-विक्रीवर जकात घेई. म्हणजे हा चोरटा धंदा नव्हता, सरकारी हिशेबातले एक खाते होते. ज्या घरात स्वयंपाकपाण्याशी संबंध येई, तिथे कुणबिणीची जात आधी पाहिली जाई. म्हातारी झाली, दृष्टी गेली किंवा बदली दुसरी बाई दिली, तर सुटका होई. बदली दुसरी बाई! एका स्त्रीच्या सुटकेची किंमत दुसरीची गुलामी, असा तो व्यवहार होता.

त्यांच्या मुलांसाठीही शब्द होते : लेकावळे, अक्करमाशे. त्यातला दुसरा तर अजून शिवी म्हणून जिवंत आहे. शब्द टिकला, तो ज्या व्यवस्थेतून आला, ती मात्र विस्मरणात गेली.

शिवरायांचे ते फॉरवर्ड खरे आहे का?

दरवर्षी शिवजयंतीला एक संदेश फिरतो : शिवाजी महाराजांनी डचांना गुलामांचा व्यापार करण्यास मनाई केली. हे खरे आहे. १६७७ मध्ये, दक्षिणेतल्या मोहिमेच्या वेळी, डच ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या कौलात ही अट होती. आधीच्या राजवटीत तुम्हाला इथे माणसे विकत घ्यायला, बाहेर न्यायला मुभा होती. माझा अंमल असेपर्यंत ती मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. तो कौल डचांच्या दप्तरात टिकला. व्हर्जिनियात त्याच सुमारास काय चालले होते? १६६२ च्या कायद्याने तिथे आई गुलाम तर मूलही गुलाम हे पक्के झाले होते. या तुलनेत महाराजांचे वेगळेपण उठून दिसते.

पण फॉरवर्ड इथे थांबते, इतिहास थांबत नाही. त्या कौलानंतर शंभर वर्षांच्या आत पुण्याच्या दप्तरात कुणबिणींच्या नोंदी भरलेल्या आहेत. महाराजांचा कौल अभिमानाने पुढे पाठवायचा आणि त्यांच्याच राज्यात पुढे काय झाले ते पाठवायचे नाही, ही अर्धी माहिती आहे. खरे तर तो कौल दाखवून पेशवाईला अधिक कडक प्रश्न विचारायला हवेत. फ्रँकलिन यांच्या अर्जामुळे वॉशिंग्टन यांची ‘काळा’ची सबब जशी गळून पडते, तसेच हे आहे.

मलिक अंबर गुलाम असूनही सत्ताधीश झाला, त्याचे काय?

‘आपल्याकडे गुलामही राजा होऊ शकत होता’ या युक्तिवादाचे हुकमी उदाहरण म्हणजे मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला, अरबस्तान-बगदादच्या वाटेने दख्खनेत आलेला हा माणूस. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः कधीकाळचा हबशी गुलाम होता. पुढे अंबरने निजामशाही चालवली, मोगलांना झुंजवले, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवून तिथे नहर आणली. १६२४ ची भातवडीची लढाई जिंकली; त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. अमेरिकेत अशी चढती कमान अशक्य होती, हे मान्यच करायला हवे. लष्करी गुलामगिरी हा प्रकारच वेगळा होता.

मात्र मलिक अंबरचे नाव आपल्याला माहीत आहे, ते तो सेनापती झाला म्हणून. दारूखान्यात राबणाऱ्या बाईला ती वाट कधीच खुली नव्हती. शिवाय ज्या समुद्री वाटेने हबशी दख्खनेत आले, तिचीच दुसरी शाखा आजऱ्यापासून आंबोली घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात होती. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून आणलेली माणसे जुन्या गोव्यात भर रस्त्यात विकली जात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याने ते लिहून ठेवले आहे.

‘आपली गुलामी सौम्य होती’ हे म्हणणे टिकते का?

फरक आहेतच. आपल्याकडे कापसाचे, तंबाखूचे अफाट मळे नव्हते. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक गुलाम होते. तशा प्रमाणाची व्यवस्था मराठी मुलखात नव्हती. कातडीच्या रंगावर बेतलेला पिढीजात कायदाही नव्हता. पण ‘घरातल्यासारखे वागवत’ हा मुद्दा आला की ओना जज आठवावी. वॉशिंग्टन यांचे म्हणणेही हेच होते. वागणूक सौम्य की कठोर, हे ठरवायचा हक्क वागवणाऱ्याला कसा देता येईल? ओनाचे म्हणणे आपल्याला कळते, कारण दोन वृत्तपत्रांनी तिला विचारले. दप्तरातल्या कुणबिणीला अशी मुलाखत द्यायची संधी मिळाली नाही. तिच्याबद्दल जे काही आहे, ते तिच्या मालकाच्या कारकुनाने लिहिलेले आहे.

आजऱ्याचा याच्याशी संबंध काय?

आजरा आज कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका आहे. संस्थाने विलीन होईपर्यंत मात्र आजरा महाल इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरीत होता. इचलकरंजी पंचगंगेकाठी, आजरा पार इकडे हिरण्यकेशीकाठी, सह्याद्रीच्या कुशीत. तरी सारा एकाच दप्तरात जमा होई. या घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरचे. धन्याचे आडनाव त्यांनी आपले केले. त्यांचा मुलगा व्यंकटराव याला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण अनुबाई दिली होती. पुणे दरबार आणि आजऱ्याचे मालक यांच्यातले नाते असे सख्खे होते. वासुदेवशास्त्री खरे यांनी १९१३ मध्ये या संस्थानाचा इतिहास लिहिला. त्यामुळे ‘पेशवाईत काय झाले ते पुण्याचे पुण्याला’ असे आजऱ्यात कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरा धागा कायद्याचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४३ च्या कायद्याने गुलामाच्या मालकीचा दावा कोर्टात चालणार नाही, असे ठरवले. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. पण हे इंग्रजी मुलखाचे कायदे. संस्थानी मुलखात दरबारची इच्छा चाले. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले आणि १९२० मध्ये वेठबिगारीला बंदी केली, त्याचे मोल मोठे. वेठ म्हणजे विकत घेतलेली गुलामी नव्हे. पण बोलावणे आले की मजुरी न मागता जायचे, नकार द्यायचा नाही, बापानंतर मुलाने जायचे, हे सगळे तिच्यात होते.

महात्मा फुल्यांनी अमेरिकेकडे कसे पाहिले?

अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, फुल्यांचे ‘गुलामगिरी’ निघाले. ते त्यांनी अर्पण केले काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथेच व्यक्त केली. आजच्या कॉमेंट्सच्या नेमके उलटे हे वाचन आहे. दूरच्या देशाची बातमी वाचून त्यांनी ‘बघा, गोरे कसे’ असे म्हटले नाही. त्यांनी आपल्या अंगणात पाहिले. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले, तेही याच वाटेवरचे पाऊल.

म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाशी स्वतःला ताडून पाहणे ही परकी खोड नाही. तिला मराठीत दीडशे वर्षांची परंपरा आहे.

मग आता करायचे काय?

फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांचे घर जिथे होते, त्या जागी २०१० मध्ये स्मारक उघडले. तिथल्या दगडी भिंतीवर वॉशिंग्टन यांच्या घरातल्या नऊ गुलामांची नावे कोरली आहेत. त्यात ओनाही आहे. वॉशिंग्टन यांचे पुतळे जागेवरच आहेत. बाजीरावांचा पुतळा हलवा, असेही इथे कोणी म्हणत नाही. पण शनिवारवाड्यात कारंजे दाखवताना हे वाडे कोणाच्या राबण्यावर चालत होते, याची एखादी ओळ सांगायला हरकत कोणाची असावी? शालेय पुस्तकात पेशवेकालीन समाजजीवनाच्या धड्यात सण आहेत, दागिने आहेत. कुणबीण नाही.

‘कागद कुठे आहेत’ ही सबबही आता चालणारी नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे शंभर वर्षांपूर्वीच छापून झाले आहेत. ते वाचायला मोडी यावी लागत नाही. आणि २०२३ पासून तर महाराष्ट्राने मोडी वाचण्याची जी मोहीम पाहिली, तशी आधी क्वचितच पाहिली असेल. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. तहसील कचेऱ्यांतले, पुराभिलेखागारांतले गठ्ठे सुटले, मोडी जाणकारांना एकाएकी मागणी आली, पानेच्या पाने स्कॅन झाली. ज्या पिढीला मोडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, ती पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द शोधण्यासाठी भिंग घेऊन बसली.

हीच नजर पेशवे दप्तराकडे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या जुन्या कागदांकडेही वळवता येईल. आजऱ्याच्या किंवा गडहिंग्लजच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या मुलांना मोडीचा छोटा अभ्यासक्रम आणि एक साधी शीट द्यावी. रकाने चार : नाव, गाव, कामाचे ठिकाण, कशी आली. वॉशिंग्टन यांनी १७९९ मध्ये केलेली यादी यापेक्षा फार वेगळी नव्हती. पाचवा रकाना हवा असेल, तर ‘सुटका झाली का’ हा ठेवावा.